पोकेमॉन कार्ड गेम: ईएक्स, टेरा, मेगा, एस-स्पेक आणि बाकीची खास कार्डं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांची क्लबहाऊसेस असोत की वाशी-नेरूळमधल्या कुणाच्या घरचा हॉल, रविवारी पोकेमॉनची टेबलं लागली की वाद ठरलेले. एकाने कार्ड वाचलेलं असतं, दुसऱ्याने ते कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. कार्डं मराठीत निघत नाहीत, त्यामुळे इंग्रजी मजकूर घाईघाईत अंदाजाने लावला जातो आणि तिथेच घोळ होतो. खाली त्याच अडणाऱ्या जागा घेतल्या आहेत. ६० कार्डांचा डेक, हातात ७, बाजूला ६ प्राइझ (समोरच्याचा पोकेमॉन पाडला की उचलायची कार्डं), बेंचवर, म्हणजे राखीव पोकेमॉनसाठी, ५ जागा एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरलंय.

खास कार्ड म्हणजे चमकतं ते का?

नाही. चमक, पूर्ण कार्डभर चित्र, सोनेरी कडा हा सगळा दुर्मीळपणाचा मामला. खेळात त्याला शून्य किंमत. पाच हजारांचं फुल आर्ट आणि साधं छापील कार्ड यांचं नाव आणि मजकूर एकच असेल तर दोन्ही एकच कार्ड.

खास पोकेमॉन ओळखायचा तो रूल बॉक्सवरून, म्हणजे कार्डाच्या तळाशी वेगळ्या चौकटीत छापलेल्या नियमावरून. ईएक्स, मेगा ईएक्स, व्ही, व्हीमॅक्स, व्हीस्टार, जीएक्स, रेडियंट या सगळ्यांना ती चौकट असते. बरीच कार्डं ‘रूल बॉक्स नसलेला पोकेमॉन’ अशी अट घालतात, म्हणून ती ओळखता यायलाच हवी. उदाहरणार्थ, रिव्हर्सल एनर्जी (एनर्जी म्हणजे हल्ला करायला लागणारं इंधन) एरवी एकच रंगहीन एनर्जी देते. पण तुमची शिल्लक प्राइझ समोरच्यापेक्षा जास्त असतील आणि ती रूल बॉक्स नसलेल्या, इव्हॉल्व्ह झालेल्या (म्हणजे आधीच्या रूपाच्या कार्डावर ठेवलेल्या) पोकेमॉनला लावली असेल, तर कोणत्याही रंगाच्या तीन एनर्जी देते. ईएक्सला लावलीत तर एकावरच भागवा.

आणखी एक गल्लत होते. रूल बॉक्स आहे म्हणजे दोन प्राइझ जाणारच असं नाही. रेडियंट पोकेमॉनला चौकट आहे, पण तो पडला तर एकच प्राइझ जातं. चौकटीत काय लिहिलंय ते वाचायचं, नुसती चौकट मोजायची नाही.

नॉकआउट झाल्यावर कोणत्या कार्डाची किती प्राइझ?

साधा पोकेमॉन आणि रेडियंट: १. ईएक्स, व्ही, व्हीस्टार, जीएक्स: २. व्हीमॅक्स, टॅग टीम जीएक्स, मेगा ईएक्स: ३.

मोजायचं ते ढिगाऱ्यात सगळ्यात वर असलेल्या कार्डावरून. चारमँडर, चारमेलियन आणि वर चारिझार्ड ईएक्स असेल तर प्राइझ दोनच. खालच्या दोघांचं वेगळं काही नाही. तुमचा ईएक्स तुमच्याच हल्ल्याच्या उलट्या फटक्याने पडला तरी समोरच्याला दोन मिळतात. ‘मी स्वतःच मारला, मग प्राइझ कशाला?’ हा युक्तिवाद चालत नाही.

या आकड्यांवर डेकचं गणित उभं राहतं. तुमच्या डेकमध्ये फक्त ईएक्स असतील तर समोरच्याला तीन नॉकआउट पुरतात. फक्त मेगा असतील तर दोनच. आता दोन ईएक्सच्या मध्ये एक साधा पोकेमॉन पुढे केलात तर २+१+२ म्हणजे पाच प्राइझ गेली. सहावं घ्यायला समोरच्याला चौथा नॉकआउट लागतो, आणि तो दोन प्राइझांच्या ईएक्सवर मारला तर त्यातलं एक वाया. अनुभवी खेळाडू मुद्दाम असा विषम हिशोब लावतात. नवे खेळाडू सगळ्यात महागडी कार्डं एकत्र भरतात आणि तीन फटक्यांत घरी जातात.

चारिझार्ड ईएक्स दोन वेगवेगळे आहेत. प्रत्येकी चार ठेवता येतील?

नाही, दोन्ही मिळून चार. नियम नावावर चालतो, चित्रावर किंवा मजकुरावर नाही. २०२३ च्या ऑब्सिडियन फ्लेम्समधला चारिझार्ड ईएक्स अंधार प्रकारचा आणि टेरा आहे. त्याच वर्षीच्या १५१ संचातला अग्नी प्रकारचा आहे आणि टेरा नाही. नाव मात्र दोघांचंही ‘चारिझार्ड ईएक्स’.

नुसता ‘चारिझार्ड’, ‘चारिझार्ड व्ही’, ‘रेडियंट चारिझार्ड’ ही वेगळी नावं, कारण ईएक्स, व्ही, रेडियंट हे शब्द नावाचा भाग धरले जातात. याला उलटा अपवाद सपोर्टर कार्डांत भेटतो. प्रोफेसर्स रिसर्चवर कधी साडा, कधी टुरो, कधी ओक यांचं चित्र आणि कंसात त्यांचं नाव असतं. कंसातलं नाव धरायचं नाही. सगळ्या मिळून चारच. बॉसेस ऑर्डर्सचंही तसंच.

माझ्याकडे साधा चारिझार्ड बेंचवर आहे. त्यावर चारिझार्ड ईएक्स ठेवू?

नाही. शाळकरी पोरांच्या टेबलावर सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आत्ताचा ईएक्स हा साध्या पोकेमॉनची ‘पुढची पायरी’ नव्हे. कार्डाच्या वरच्या डाव्या बाजूला कशापासून इव्हॉल्व्ह होतो ते लिहिलेलं असतं. चारिझार्ड ईएक्सवर तिथे चारमेलियन आहे, तेव्हा तो चारमेलियनवरच बसतो.

गोंधळ व्ही मालिकेमुळे झालाय. तिथे व्हीमॅक्स आणि व्हीस्टार खरोखरच त्याच नावाच्या व्हीवर बसतात.

बाकी इव्हॉल्व्हचे नेहमीचे नियम खास कार्डांनाही लागू. दोघांच्याही पहिल्या पाळीत इव्हॉल्व्ह नाही आणि त्याच पाळीत खाली ठेवलेल्या पोकेमॉनवर नाही. रेअर कँडी या कार्डाने स्टेज १, म्हणजे मधली पायरी, वगळता येते, पण ही दोन बंधनं सुटत नाहीत. इव्हॉल्व्ह झाल्यावर झोप, विष वगैरे अवस्था जातात. डॅमेज, एनर्जी आणि टूल (पोकेमॉनला जोडायचं साधन) तसंच राहतं.

मेगा ईएक्स ठेवल्यावर पाळी संपते ना?

आता नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मेगा इव्होल्यूशन मालिकेत मेगा हा नेहमीसारखाच खेळायचा: काही बेसिक, काही स्टेज १, काही स्टेज २. मेगा लुकारिओ ईएक्स रिओलूवर बसतो आणि त्याच पाळीत हल्ला करू शकतो. मेगा कंगास्कान ईएक्स तर बेसिकच आहे.

पाळी संपण्याचा नियम २०१४ पासूनच्या एक्सवाय काळातल्या मेगाचा. त्या कार्डांच्या नावात ईएक्स मोठ्या अक्षरांत आणि आडव्या रेघेने जोडलेलं असे. तेव्हा पाळी वाचवायला स्पिरिट लिंक नावाचं टूल आधीच लावून ठेवावं लागे. शाळेत ती कार्डं खेळून कॉलेजात पुन्हा डेक काढणारे इथे हमखास अडकतात.

मेगा ईएक्स हा ईएक्सही असतो. त्यामुळे ‘पोकेमॉन ईएक्स’ला लागू पडणारी कार्डं त्यालाही लागू पडतात.

टेरा पोकेमॉन बेंचवर असताना त्याला काहीच होत नाही, बरोबर?

अर्धं बरोबर, आणि उरलेल्या अर्ध्यावर सामने जातात.

टेराचा नियम एवढाच: तो बेंचवर असेपर्यंत हल्ल्यांनी होणारं सगळं डॅमेज अडवलं जातं. हल्ला तुमचा असो वा समोरच्याचा. म्हणजे तुमचाच हल्ला तुमच्या बेंचवर सांडत असेल तरी टेरा कोरडा राहतो.

पण ‘डॅमेज करा’ आणि ‘डॅमेज काउंटर ठेवा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत फटका बसतो. दुसरीत काउंटर नुसते उचलून ठेवले जातात, आणि तो हल्ल्याचा परिणाम मानला जातो. टेरा पहिलं अडवतो, दुसरं नाही.

नेहमीचं उदाहरण ड्रॅगापल्ट ईएक्सच्या फँटम डाइव्हचं. समोरच्या अ‍ॅक्टिव्हला (पुढे लढणाऱ्या पोकेमॉनला) २०० डॅमेज आणि बेंचवर हवे तसे वाटून ६ डॅमेज काउंटर. हे सहाच्या सहा काउंटर टेरावर ठेवता येतात, म्हणजे ६० सरळ गेले. उलट, रेडियंट ग्रेनिन्जाचा हल्ला दोन पोकेमॉनना प्रत्येकी ९० डॅमेज करतो. त्यातला कुणी बेंचवरचा टेरा असेल तर त्याला शून्य.

मग काउंटर कसे थांबवायचे? ‘हल्ल्याचे परिणाम’ अडवणारं कार्ड लागतं. मिस्ट एनर्जी ज्या पोकेमॉनला लावली आहे त्याच्यावरचे, समोरच्याच्या हल्ल्यांचे परिणाम अडवते. टेम्पोरल फोर्सेस संचातल्या रॅब्स्काची अ‍ॅबिलिटी (हल्ल्याशिवाय चालणारी खास ताकद) अख्ख्या बेंचला डॅमेज आणि परिणाम दोन्हींपासून वाचवते. मॅनफीची अ‍ॅबिलिटी मात्र फक्त डॅमेज अडवते. ड्रॅगापल्टपुढे तिचा उपयोग नाही. आणि काउंटर हल्ल्यातून नव्हे तर अ‍ॅबिलिटीतून येत असतील तर मिस्ट एनर्जीही बघत बसते.

अ‍ॅक्टिव्ह जागेवर आला की टेराचं संरक्षण संपलं. तसंच, प्रत्येक ईएक्स टेरा नसतो. कार्डावर तसं छापलेलं असावं लागतं.

एरिया झीरो अंडरडेप्थ्समुळे बेंचवर आठ ठेवले. स्टेडियम गेलं तर?

हे एक स्टेडियम, म्हणजे टेबलावर राहून दोघांनाही लागू होणारं कार्ड. ज्याचा टेरा खाली आहे त्यालाच आठ जागा मिळतात. टेरा उरला नाही, तर त्याने लगेच पाचपर्यंत खाली यायचं. स्टेडियमच हललं तर दोघांनीही पाचावर यायचं, आणि स्टेडियम ज्याने खेळलं होतं त्याने आधी कार्डं टाकायची. टाकलेले पोकेमॉन नॉकआउट नाहीत, म्हणून प्राइझ नाहीत. काही जण जखमी ईएक्स याच रस्त्याने मुद्दाम बाहेर काढतात. ते पूर्ण नियमात बसतं, उगाच तोंड वाकडं करू नये.

एस-स्पेक कार्डं डेकमध्ये किती?

एक. एस-स्पेक म्हणजे ‘ACE SPEC’ असं छापलेली जास्त ताकदीची कार्डं. प्रत्येक नावाचं एक नव्हे, तर अख्ख्या डेकमध्ये मिळून एक. आयटम असो, टूल असो, स्टेडियम असो किंवा एनर्जी. हा प्रकार २०१२ मध्ये आला आणि मार्च २०२४ च्या टेम्पोरल फोर्सेसपासून परतला. एक्सपांडेडमध्ये (जुनी कार्डंही चालणाऱ्या प्रकारात) जुनं आणि नवं मिळूनही एकच. दोन सापडली तर डेकच बेकायदा ठरतो.

नेहमी दिसणाऱ्यांपैकी काहींचे बारकावे:

प्राइम कॅचर हा आयटम आहे. समोरच्याच्या बेंचवरचा पोकेमॉन ओढायचा, मग स्वतःचाही अ‍ॅक्टिव्ह बदलायचा. ‘हवं तर बदला’ असं त्यात नाही. बेंचवर कुणी असेल तर बदलावंच लागतं. एनर्जी लावलेला पोकेमॉन पुढे असताना हे खेळून स्वतःच अडकलेले बरेच दिसतात.

अनफेअर स्टॅम्प फक्त तेव्हाच, जेव्हा समोरच्याच्या मागच्या पाळीत तुमचा पोकेमॉन नॉकआउट झालेला असतो. दोघांचे हात डेकमध्ये, तुम्हाला ५, त्याला २.

मॅक्सिमम बेल्ट समोरच्या अ‍ॅक्टिव्ह ईएक्सवर ५० डॅमेज वाढवतो, आणि हे ५० वीकनेसच्या (ज्या प्रकारापुढे पोकेमॉन कमकुवत, त्याचं डॅमेज दुप्पट) आधी मिळवायचे. १०० चा हल्ला असेल तर आधी १५०, मग दुप्पट करून ३००. आधी दुप्पट करून नंतर ५० मिळवले तर २५० येतात, आणि ५० चा फरक म्हणजे एक नॉकआउट हुकला. टेरा चारिझार्ड ईएक्सचा हल्ला १८० अधिक समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे ३० असा आहे. त्याने चार घेतली असतील तर ३००. ३२० एचपीचा (एवढं डॅमेज झालं की पडणारा) ड्रॅगापल्ट ईएक्स यातून वाचतो. बेल्टसकट ३५० होतात आणि तो पडतो.

हीरोज केप १०० एचपी वाढवते. ती काढली गेली आणि अंगावरचं डॅमेज मूळ एचपीएवढं किंवा जास्त असेल, तर पोकेमॉन तिथल्या तिथे नॉकआउट, आणि प्राइझही जातात.

लेगसी एनर्जी समोरच्याचं एक प्राइझ कमी करते, पण संपूर्ण खेळात एकदाच, आणि पोकेमॉन समोरच्याच्या हल्ल्याच्या डॅमेजने पडला तरच. फँटम डाइव्हच्या काउंटरांनी बेंचवर पडला तर हे लागू होत नाही. पुन्हा तोच डॅमेज-काउंटरचा फरक.

आणि एक आकडा लक्षात असू द्या: ६० पैकी ६ कार्डं प्राइझमध्ये जातात, म्हणजे एकुलतं एक कार्ड साधारण दहातल्या एका खेळात तिथे अडकलेलं असतं. पहिल्यांदा डेक शोधायला मिळाला की एस-स्पेक आत आहे का ते तेव्हाच बघून घ्या.

टूल म्हणजे आयटमच ना?

आधी होतं. २०२३ च्या स्कार्लेट अँड व्हायलेटपासून टूल हा स्वतंत्र प्रकार झाला, आणि जुन्या टूलवर ‘आयटम’ छापलेलं असलं तरी तेही आता आयटम नाही. फरक कुठे पडतो? बुड्यूच्या हल्ल्यानंतर समोरच्याला त्याच्या पुढच्या पाळीत हातातून आयटम खेळता येत नाही, पण टूल लावता येतं. आयटम शोधून देणारं कार्ड टूल शोधून देत नाही. एका पोकेमॉनला एकच टूल. नवं लावायला जुनं स्वतःहून काढून टाकता येत नाही.

सपोर्टर आणि स्टेडियमचं काय?

दोन्ही पाळीला एकेक. पहिली पाळी ज्याची, त्याला त्या पाळीत सपोर्टर नाही आणि हल्लाही नाही. टेबलावर असलेल्या स्टेडियमच्याच नावाचं दुसरं खेळता येत नाही.

स्पेशल एनर्जी शोधायला अडचण का येते?

कारण शोधणारी बरीच कार्डं ‘बेसिक एनर्जी’ असं म्हणतात. नाइट स्ट्रेचर टाकलेल्या ढिगातून पोकेमॉन किंवा बेसिक एनर्जी परत देतो; जेट, मिस्ट, लेगसी त्यात येत नाहीत. स्पेशल एनर्जीवर चारची मर्यादाही आहे, बेसिकवर नाही. जेट एनर्जी हातातून बेंचवरच्या पोकेमॉनला लावली तरच तो पुढे येतो. दुसऱ्या कार्डाच्या मदतीने डेकमधून लावली तर येत नाही.

‘एन्स झोरोआर्क ईएक्स’सारखी मालकाच्या नावाची कार्डं कशी खेळायची?

मालकाचं नाव हे नावातच धरायचं. एन्स झोरोआर्क ईएक्स फक्त एन्स झोरुआवर बसतो, साध्या झोरुआवर नाही. ही कार्डं मार्च २०२५ च्या जर्नी टुगेदरपासून आणि नंतर डेस्टिन्ड रायव्हल्समध्ये पुन्हा आली. टीम रॉकेट्स एनर्जी फक्त टीम रॉकेटच्या पोकेमॉनलाच लागते.

घरात व्ही, व्हीस्टार आणि रेडियंट पडून आहेत. आणू का?

घरी खुशाल खेळा. स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या, प्रकारात मात्र कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर बघायचं. ११ एप्रिल २०२५ ला ‘एफ’ अक्षराची कार्डं बाहेर गेली आणि त्यांच्याबरोबर उरलेले व्ही, व्हीस्टार, रेडियंट सगळेच गेले. सगळ्यात जुनं अक्षर असं टप्प्याटप्प्याने निघतं, तेव्हा स्पर्धेच्या तारखेला कोणती अक्षरं चालतात ते आयोजकांना विचारून घ्या. ठाण्याहून वाशीपर्यंत जाऊन डेक नाकारला गेला तर अख्खा रविवार वाया जातो. जुन्या अक्षराचं कार्ड नव्या संचात पुन्हा छापलं गेलं असेल, जसं रेअर कँडी, तर जुनी प्रतही चालते.

जुन्या प्रकारात खेळताना: व्हीस्टार पॉवर एका खेळाडूला खेळात एकदाच, मग तुमचे तीन व्हीस्टार खाली का असेनात. फॉरेस्ट सील स्टोन या टूलची पॉवरही त्याच एकात मोजली जाते. जीएक्स हल्लाही एकदाच. रेडियंट डेकमध्ये एकच.

पावसाळ्यात ईएक्स कार्डं धनुष्यासारखी वाकतात. खेळायला चालतील?

वाकलेलं कार्ड डेकमध्ये पाठीमागूनही ओळखू येतं, आणि ओळखू येणारं कार्ड म्हणजे खुणेचं कार्ड. गंमत अशी की चमकणारी कार्डंच वाकतात आणि तीच डेकमधली महत्त्वाची असतात. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये पंचाची नजर तिकडेच जाते.

कारण साधं आहे. कागद हवेतली ओल शोषून फुगतो, वरचा चमकदार थर फुगत नाही. दोन्ही चिकटलेले असल्यामुळे कार्ड वळतं. उपाय: झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह कार्डं ठेवा, वर वजन द्या आणि दोन-तीन दिवस थांबा. पुड्या जास्त दिवस राहिल्या तर कार्ड उलट्या बाजूला वाकतं, तेव्हा मधून मधून बघत राहा. इस्त्री फिरवू नका, थर सुटतो. डबल स्लीव्ह (एकावर एक दोन कव्हरं) लावल्यास वाकणं बरंच कमी होतं. कार्ड ६३ × ८८ मिमी आहे, बाहेरचं स्लीव्ह ६६ × ९१ चं घ्या, आणि त्याची पाठ अपारदर्शक असू द्या. डेकमधली सगळी स्लीव्ह एकाच वेळी बदला. चार नवी आणि छप्पन्न मळकी असतील तर तीही खूणच झाली.

स्टेशनबाहेर दहा रुपयांच्या पाकिटात व्हीमॅक्स निघाला. खरा आहे?

नाही. सोनेरी प्लास्टिकची कार्डं, हजाराच्या घरातले एचपी, ‘पोकेमॉन’ या इंग्रजी शब्दातल्या ‘ई’वर तिरकी खूण नसणं, पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट असणं ही सगळी नकलीची लक्षणं. खऱ्या फुल आर्ट ईएक्सवर बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते. नकली गुळगुळीत असतो. खऱ्या कार्डाच्या मधोमध काळसर थर असतो, म्हणून मोबाइलचा टॉर्च मागे धरला की नकलीतून उजेड जास्त येतो. तुलना नेहमी खात्रीच्या खऱ्या कार्डाशी, दोन्ही स्लीव्हबाहेर काढून करा. लहान मुलांना घरी नकली कार्डांनी खेळू द्यायला हरकत नाही, स्पर्धेत मात्र नकली कार्ड चालत नाही.

दोनऐवजी तीन प्राइझ उचलली गेली तर?

तिथेच थांबा. उचललेलं कार्ड हातातल्या पत्त्यांत मिसळू नका, कारण मिसळलं की कोणतं परत ठेवायचं ते कुणालाच सांगता येत नाही. स्पर्धेत हात वर करून पंचांना बोलवा. घरी खेळताना शेवटी उचललेलं कार्ड न बघता परत ठेवा. बघितलं गेलं असेल तर समोरच्याला तसं सांगून ठेवा. प्राइझ उचलताना एकेक करून टेबलावर पालथी ठेवून मोजायची आणि मगच हातात घ्यायची सवय लावली तर हा प्रसंग येतच नाही.